जान्हवीच्या गोळ्या

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. बहिणीला सांगायला दोनदा फोन लावला, दोनदा वेगळंच बोलले. आज मात्र मन इतकं भरून आलंय — आनंदानंच! — की गप्प बसवत नाही.

माझ्या जान्हवीचा मणका वाकलेला होता. शाळेच्या ड्रेसमध्ये एक खांदा वर, एक खाली. आम्ही बदलापूर गावातले, इथे सगळ्यांना सगळं दिसतं. पाठ तर दिसतच होती. पण तिची पाळी महिनोन्महिने यायची नाही आणि आली की थांबायची नाही, ते मी दिसू दिलं नाही. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तिला उल्हासनगरला, कॅम्प दोन भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांच्या गोळ्या चांगल्या लागू पडल्या. पण गोळ्या कुठल्या? — मूल होऊ नये म्हणून बायका घेतात, त्याच.

पाठीचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी अंबरनाथच्या दवाखान्यात सर्जननी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत? पाळीच्या वगैरे? त्या गोळ्यांमुळे पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून विचारतोय."

सोबत थोरल्या जाऊबाई होत्या. सोळा वर्षांची पोरगी आणि असल्या गोळ्या — भावकीत काय झालं असतं? जान्हवी तोंड उघडत होती. मी टेबलाखाली तिचा हात दाबला.

"नाही डॉक्टर, काहीच नाही."

मग गुपचूप बंद तरी केल्या का? नाही. ऐन ऑपरेशनला पाळी सुरू झाली तर? — चालूच ठेवल्या.

आणि ऑपरेशन असं झालं, काय सांगू तुम्हाला! पोटऱ्यांना पट्टे गुंडाळले होते. मशीननं ते फुगायचे, सैल व्हायचे, रक्त पायात साचू नये म्हणून. त्याचसाठी दुसऱ्या दिवशी तिला उभंही केलं. ती उभी राहिली — सरळ! — आणि माझ्याकडे वरून बघत म्हणाली, "मम्मी, तू बुटकी झालीस!" मी शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी बाईला मिठी मारली.

पण त्या आनंदातही मी सारखी चादर वर करून तिचे पाय बघायचे. नर्स हसायची. का बघतेय, ते मलाच माहीत होतं ना? एका सकाळी डावी पोटरी सुजलेली दिसली. हात लावला, तर गरम. मी ओरडतच धावले. सोनोग्राफी झाली — गुठळी. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर? आणि रक्त पातळ करायचं औषध द्यावं, तर पाठीतली जखम ताजी. तिथेच रक्त साचून मणक्यातल्या नसा दाबल्या तर पाय कायमचे जायची भीती.

डॉक्टर खाटेभोवती उभे. जान्हवीचे पप्पाही होते. सर्जननी पुन्हा विचारलं, "नीट आठवा. काही गोळ्या?"

मी तिच्या पायावरची चादर सारखी करत राहिले. जान्हवीच बोलली.

"मी घेत होते, पाळीसाठी. मम्मीला माहीत नव्हतं."

आणि मी? मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले — "सांगायचं नाही का गं मला?"

ती छताकडे बघत राहिली. तिचे पप्पा कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. पोरीनं लपवलं, असं त्यांना आजही वाटतं.

डॉक्टरांनी जपून जपून इंजेक्शनं दिली, मग कित्येक महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. गुठळी विरली. पोर वाचली.

काल पुतण्याची हळद होती. जान्हवी नाचली! बँजोवाले दमले, ती दमेना. हळदीनं माखलेली, केस सुटलेले, पाठ अशी ताठ की पाहुणे वळून वळून बघत होते. मीही नाचले, घसा बसेपर्यंत ओरडले. मधेच जाऊबाईंनी मला मांडवात ओढलं आणि बँजोवाल्याचा माईक हातात घेतला. "हिच्या नजरेनं पोर वाचली गो! आई असावी तर अशी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जान्हवीनंही. ती माझ्याकडे बघून हसत होती.

मी हात वर केले आणि सगळ्या टाळ्या घेतल्या.