ऑपरेशन थिएटरचा उलटा पंखा

"साहेब, आणखी एका बाईचे टाके पिकले. मी थिएटर बंद केलंय," डॉक्टर फोनवर म्हणाले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बारामतीत राहत होतो आणि आसपासच्या हॉस्पिटलांच्या इमारतींची वीज, पाणी, हवा अशी कामं बघत होतो. स्कूटर काढली आणि इंदापूर तालुक्याच्या वाटेला लागलो. उसाचा हंगाम ऐन भरात. भवानीनगरचा साखर कारखाना मागं पडेपर्यंत ट्रॅक्टरांच्या मागून रांगत, मळीचा वास खात गेलो. तेव्हा त्या वासाला शिव्या घालायचो. आता पुण्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून त्याच वासासाठी जीव कासावीस होतो. हे घरात कुणाला सांगायची सोय नाही, हसतात.

हॉस्पिटल लहान, एका ट्रस्टचं. थिएटरची सगळी जबाबदारी सुशीला सिस्टरांवर. त्या दारातच उभ्या होत्या.

"धुऊन धुऊन हात सोलल्यात साहेब. फ्युमिगेशन झालं, परत केलं. तरी काळं ते काळंच."

फ्युमिगेशन म्हणजे खोली बंद करून जंतू मारायला औषधाची वाफ सोडणं. त्यात सिस्टरांची कसूर नव्हती. तरीही टेबलावर बोट फिरवलं की बोट काळं होत होतं.

मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "माझी नंदा आलीया बाळंतपणाला. पयलंच हाय."

नंदा त्यांची एकुलती लेक, गुजरातेत वापीला दिलेली. लग्न झाल्यापासून दिवाळीलासुद्धा सासरहून तिची सुटका झाली नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, एवढ्या एका रिवाजाच्या जोरावर ती आईकडं आली होती. मूल पायाळू, म्हणून सिझर ठरलेलं. थिएटर वेळेत उघडलं नाही तर सासरचे तिला पुण्याला मोठ्या दिराकडं नेणार होते.

मी आत गेलो आणि भिंतीतला भलामोठा एक्झॉस्ट फॅन बघून कपाळाला हात लावला. ट्रस्टचे अध्यक्ष, त्यांना सगळे आबा म्हणत, मागोमाग आले. त्यांचं आयुष्य साखर कारखान्यात गेलेलं. हॉस्पिटलही त्यांनी कारखान्यातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडूनच बांधून घेतलं होतं.

"पंखा तर झ्याक हाय की!" आबा म्हणाले. "कारखान्यात उकाडा झाला की असलाच लावत्यात. डॉक्टरास्नी घाम येत हुता म्हणून खास बसवलाय."

"आबा, कारखान्यात वाफ बाहेर काढायची असते. इथं बाहेरची घाण आत येऊ द्यायची नसते."

"पंखा भाईर फेकतोय की. आत कशी यील?"

मी उदबत्ती मागवली. थिएटरचं दार जरासं किलकिलं करून फटीपाशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला. पंखा जेवढी हवा बाहेर फेकत होता, तेवढीच दाराखिडक्यांच्या फटींतून आत येत होती. येताना कॉरिडॉरमधली धूळ आणि हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून सगळीकडं उडणारी काजळी घेऊन येत होती. थिएटरला नेमकं उलटं लागतं. गाळलेली हवा आत थोडी जास्त ढकलायची, म्हणजे दार उघडलं तरी वारा आतून बाहेरच जातो. आम्ही त्याला पॉझिटिव्ह प्रेशर म्हणतो.

"आयला," आबा एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी समोर उभं राहून पंखा काढवला.

ते भोक विटांनी बुजवलं. हवा आत ढकलणाऱ्या ब्लोअरसाठी पत्र्याचा डबा बारामतीच्या एमआयडीसीत करून घेतला. फिल्टर मात्र पुण्याहून यायचे होते आणि ते रखडले. मी रोज पुण्याला फोन करून भांडायचो. नंदा दुपारी हॉस्पिटलच्या पायरीवर येऊन बसायची. मायलेकी एकाच डब्यात जेवायच्या. जेवण झालं की सिस्टर तिथंच तिच्या केसांना तेल लावायच्या. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. खोटं कशाला सांगू, मला त्या पोरीचा हेवा वाटायचा.

फिल्टर आले, ब्लोअर सुरू झाला. आता उदबत्तीचा धूर बाहेर जाऊ लागला. आम्ही थिएटरात जंतू तपासायच्या उघड्या प्लेट ठेवल्या आणि लॅबला पाठवल्या. त्यांवर जंतू उगवले. आधीपेक्षा कमी, पण उगवले. आणखी एक फ्युमिगेशन आणि पुन्हा प्लेट, दुसरा इलाज नव्हता. इकडं नंदाचे दिवस भरत आले होते.

आबा म्हणाले, "सिस्टर आपल्या घरच्याच हायेत. त्यांच्या लेकीचं उरकून घिऊ या की."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडायच्या आत सिस्टर बोलल्या.

"न्हाय आबा. थेटर बंद केल्यापास्नं ह्या खोलीत मी दुसऱ्याची लेक न्हाय घेतली. माझी कशी घिऊ?"

संध्याकाळी सासरची जीप आली. सिस्टरांनी डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी, सगळं जीपमध्ये भरलं. पुण्यात दिराच्या दोन खोल्यांत सिस्टरांना जागा नव्हती, आणि इथं थिएटर चालू करायला दुसरं कुणी नव्हतं. जीप वळली तरी त्यांचा हात वरच होता.

नंदाला पुण्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप. तिकडूनच सासरचे तिला वापीला घेऊन गेले.

पुढच्या प्लेट स्वच्छ आल्या. थिएटर उघडलं. पहिलं सिझर लासुर्ण्याकडच्या एका माहेरवाशिणीचं. मी ब्लोअर बघायला बाहेर थांबलो होतो. सिस्टर बाळ गुंडाळून दारापर्यंत आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. बाळाची आजी हात पसरून वाट बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "सिस्टर, द्या की आमचं लेकरू."

सिस्टरांनी बाळ दिलं. हात तसेच राहिले थोडा वेळ.

मी त्यानंतर बरीच हॉस्पिटलं केली. नवीन पोरं विचारतात, तेव्हा एकच सांगतो. पंख्याची दिशा भिंत बांधायच्या आधी बघा. नंतरही दुरुस्त होते, पण तोवर कुणाची तरी लेक जीपमधून निघून गेलेली असते.