सुनंदाताईंची बारा वर्षं

सुनंदाताई गायकवाड मूळच्या नगरच्या, चंदीगडला सरकारी दवाखान्यात नर्स. सेक्टर बावीसमधल्या एका खोलीत आम्ही दोघी भाड्याने राहायचो. घेणं म्हणून त्यांना जमायचं नाही. शेजारचा डबा आला की भरूनच परत जायचा. रिकामा धाडला तर नाकच कापलं जायचं त्यांचं.

चर्चमध्येही तोच बाणा. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर नि द्राक्षरस घ्यायला सगळे पुढे जायचे, ताई बाकावरच. वडिलांशी भांडून घर सोडलं होतं आणि समेट व्हायच्या आतच ते गेले. "आधी लायक होते, मग घेईन," म्हणत बारा वर्षं काढली. मला भारी राग यायचा. पेशंटचं सगळं हसत काढणारी बाई, स्वतःला मात्र माफ करायला तयार नाही!

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांना कावीळ झाली. त्यातच पंजाबातल्या अशांततेमुळे कर्फ्यू. माझा स्वयंपाक धडधाकट माणसालाही सोसत नाही, तेव्हा समोरच्या हरबंस कौर बीजी रोज मऊ खिचडी नाहीतर दलिया धाडू लागल्या. ताई खायच्या आणि डबा माझ्याकडून धुऊन घेऊन खाटेखाली सरकवायला लावायच्या.

"बरी झाले की भरून देईन. तू मध्ये पडू नकोस, विनया."

आठव्या दिवशी बीजी स्वतःच आल्या, हातात अख्खा कुकर. "घर में एक डिब्बा नहीं बचा! सारे दबाके बैठी है?"

"खाली कैसे दूँ, बीजी?" ताई कानकोंड्या झाल्या.

"लो! बीमार तू है, भरेगी किससे? खाली दे, पुत्त. मुझे कल फिर डालना है."

ताई आधी हसल्या, मग जे रडू फुटलं ते थांबेचना. मी सातही डबे काढून दिले. बीजी गेल्यावर ताईंनी हात जोडले. "प्रभू, माझ्याकडे द्यायला काही नाही. बाबांचंही आता मला काही करता येत नाही. अशीच घे मला."

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला ताई उठल्या. डोळे अजून पिवळट, चाल डुगडुगती, पण सगळ्यांच्या आधी पुढे. मला इतका आनंद झाला की गाण्याचे शब्दच विसरले.

परतताना रिक्षात त्या एकट्याच हसत होत्या. "बारा वर्षं मी हात धूत बसले गं विनया, आणि माझं पान केव्हाचं वाढलेलं होतं!"