मिशरीची वेळ

आमच्या घरी दोन तवे होते. एक भाकरीचा आणि दुसरा, कड फुटलेला, मिशरीचा. त्या दुसऱ्या तव्यावर आई तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. धूर घरभर व्हायचा आणि आम्ही लेकरं खोकत अंगणात पळायचो. मग ती पाट्यावर बारीक वाटून पत्र्याच्या डबीत भरायची. वसमतजवळच्या आमच्या गावात बहुतेक बायका सकाळी मिशरी लावायच्या, अजूनही लावतात. त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते आईचं मिशरी लावत बसणं.

डबी घेऊन आई ओट्यावर बसायची. बोट दातांवरून हळूहळू फिरायचं आणि डोळे समोरच्या हळदीच्या रानावर ठरायचे. थंडीत धुकं असायचं. हळदीची रुंद पानं पाण्याखाली असल्यासारखी हलायची. आई हाकेला ओ द्यायची नाही. दूध उतू जातंय म्हटलं तरी मान वळायची नाही. मला वाटायचं, ही बसलेली दिसते इथं, पण आहे दुसरीकडं. कुठं, ते मला शोधायचं होतं.

पुढं मी मेंदूचा अभ्यास केला, त्यातही व्यसनाचा. हाच विषय का, असं कुणी विचारलं की मी नीट जुळवलेलं उत्तर देते. खरं कारण तो ओटा. सुरुवातीला उंदरांवर काम केलं, मग माणसांवर. यंत्रात आडव्या झालेल्या माणसाला तंबाखूच्या पुडीचं चित्र दाखवायचं आणि त्याच्या मेंदूतला कुठला भाग जागा होतो ते पडद्यावर पाहायचं. पुडी हातात येण्याआधीच तो जागा होतो. वस्तूपेक्षा तिची चाहूलच मोठी. अंधाऱ्या खोलीत तो नारिंगी ठिपका उमटला की क्षणभर धुक्यातला ओटा दिसायचा. मग मी पुढच्या माणसाला आत बोलवायचे.

गेल्या थंडीच्या शेवटी आईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. नांदेडच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. "मिशरी आजपासून बंद. महिन्यानं या. चट्टा कमी झाला तर ठीक, नाहीतर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." तुकडा कशासाठी पाठवतात हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी रजा टाकली आणि पहिल्याच रात्री कामं लिहून काढली. तवा भंगारात द्यायचा. डबी फेकायची. पाटा घासायचा. सकाळी उठल्याबरोबर चहा, मग मिठाच्या गुळण्या, मग माझ्याबरोबर फेरी, आल्यावर भाजी निवडणं. ओट्यावर बसणं पूर्ण बंद. जागा दिसली की चाहूल लागते, चाहूल लागली की तलफ येते. हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे.

आईची जुनी मैत्रीण, शेजारची मावशी, कुंपणावरून सगळं बघत होती.

"काहून गं अक्का, लेकीनं शाळेत घातलं व्हय तुला?"

"व्हय," आई म्हणाली. "मास्तरीण लई कडक हाय. मधली सुट्टीबी देत न्हाई."

मी हसले. त्यातली तक्रार मला ऐकू आली नाही.

आठवडाही झाला नसेल. एका सकाळी आई मला गोठ्यामागं सापडली. उकिडवी बसलेली, बोट काळं, ओठांच्या कडा काळ्या. मावशीकडून चिमूटभर मागून आणली होती.

"आई, तोंडात काय झालंय ते कळतंय का तुला?" मी ओरडलेच.

तिनं चूळ भरली, तोंड पदरानं पुसलं आणि तिथंच बसून राहिली. मीही बसले. शेजारच्या रानात नुकतीच काढलेली हळद कढईत शिजत होती. वाफ गोठ्यापर्यंत येत होती, उबदार, मातकट वासाची. त्या पांढुरक्या ढगात आम्ही दोघी एकमेकींना अर्ध्यामुर्ध्याच दिसत होतो. त्यामुळंच असेल, इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं.

"मिशरी लावताना तू कुठं जायचीस?"

"कुठं जाणार बाई? ओट्यावरच तर असायचे."

"मग ओ का द्यायची नाहीस?"

"मिशरी तोंडात धरून बोलता येतंय व्हय? सांडंल की सारी." मग हसून म्हणाली, "अन् तोंड भरलेलं दिसलं की कुनी काई मागत न्हाई. तुमीबी दोनदा हाक मारून गप व्हायचे."

वाफ विरळ झाली. समोर गोठ्याची भिंत होती, शेणाच्या गोवऱ्या होत्या, आणि इतकी वर्षं मी दुसरीकडं शोधत होते ती आई होती.

तंबाखूची तलफ खोटी नव्हती. तिचं डोकं दुखत होतं, झोप लागत नव्हती, त्यासाठी औषध होतं आणि ते मी चालूच ठेवलं. पण मिशरीबरोबर मी तिची ती वेळही उचलून नेली होती, आणि रिकाम्या जागेत गुळण्या आणि भाजी भरली होती.

दुसऱ्या दिवशी मी घरात सांगून टाकलं: आई ओट्यावर असताना हाक मारायची नाही. कुणीच. ती रिकाम्या तोंडानं बसू लागली. पहिले काही दिवस बोट आपसूक दातांकडं जायचं आणि वाटेतच थांबायचं. कधी ती उठून चिडचिड करायची. पुन्हा जाऊन बसायची.

महिन्यानं डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी लावली. चट्टा पातळ झाला होता. तुकडा आत्ताच नको, म्हणाले. "पण आजी, एक चिमूटसुद्धा चालणार नाही. लागली तर हे सगळं वाया."

मी शहरात परतायच्या आदल्या सकाळी मावशी ओट्यावर येऊन बसली. तिनं डबी उघडली आणि आईपुढं धरली. आमच्याकडं पुढं केलेली मिशरी कुणी नाकारत नाही, चहा नाकारल्यासारखं दिसतं ते.

"घे की. डाक्टर काय हितं बघाया येऊन राहिला?"

आईनं तळवा पुढं केला. मावशीनं त्यावर चिमूट टाकली.

मी उंबऱ्याच्या आत उभी होते. हाक घशापर्यंत आली होती, पण हाक मारायची नाही असं मीच ठरवलं होतं. आईनं मूठ मिटली आणि मांडीवर ठेवली. मावशीचं बोट दातांवरून फिरू लागलं. दोघींचे डोळे समोरच्या मोकळ्या रानावर होते, आणि दूर कुठंतरी हळदीच्या वाफेचा पट्टा जमिनीपासून सुटून वर चालला होता. आईची मूठ हलली नाही.

मावशी चूळ भरून घरी गेली. मग आई उठली, अंगणातल्या नालीपाशी मूठ उघडली, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतला आणि पुन्हा जागेवर येऊन बसली.

चहा गार होत होता. मी हाक मारली नाही.