कानाला लावून घेतलेली चप्पल

बाई मला बाजारात बरोबर का न्यायच्या, ते मला कधी नीट कळलं नाही. त्या शिकलेल्या. मुंबईला राहून, इतर शाळा घेत नाहीत अशा मुलांना शिकवायचा कोर्स करून आलेल्या. मी वर्धेकडच्या एका खेड्यातली, धाकट्या बहिणीला सांभाळायला पाचवीतून काढलेली, नवऱ्याला उद्यमनगरात लेथवर काम लागलं म्हणून कोल्हापुरात आलेली. वर्गात माझं काम झाडायचं, मुलांना शू-शीला न्यायचं आणि पळणाऱ्याला धरायचं. पण खेळणी घ्यायची वेळ आली की बाई म्हणायच्या, "चला, तुमच्याशिवाय माझं काही खरं नाही."

मला वाटतं, माझ्या भित्रेपणाचा त्यांना उपयोग होता. कुठलंही खेळणं हातात घेतलं की मला आधी त्यातून होणारं वाईटच दिसायचं. हा मणी नाकात जाईल. ह्या पत्र्याच्या मोटारीची कड बोट कापेल. मी बाहुलीचे डोळे ओढून बघायची, खुळखुळा दाताखाली धरून बघायची. महाद्वार रोडवरचा एक दुकानदार ओरडला होता, "ओ मावशी! खेळणं हाय ते, फुटाणं न्हाईत!" बाई हसल्या, पण तो खुळखुळा त्यांनी घेतला नाही. माझ्या दातांना लाल रंग लागला होता.

ही ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वर्ग म्हणजे एका जैन घरातल्या पुढच्या दोन खोल्या, त्यापुढे रस्त्याच्या अंगाला उघडा सोपा, म्हणजे ओसरी, आणि मग बिनफाटकाचं अंगण. घरमालकिणीला सगळे अक्का म्हणत. अक्कांनी खोल्या बिनभाड्यानं दिल्या होत्या आणि परसातली एक खोली आम्हा नवरा-बायकोला. त्यांची अट एकच. उंबऱ्याच्या आत चामडं यायचं नाही. चपला पायरीवर, पट्टा असला तर काढून पायरीवर, आणि बाईंची पर्स सोप्यातल्या खुंटीला. मी रोज सकाळी ती खुंटी दोनदा बघायची. आपल्या चुकीनं ह्या घराचा शब्द मोडला तर वर्गही जाईल आणि आपलं छप्परही, हे माझ्या मनातून हलायचं नाही.

अक्का माझी चेष्टा करायच्या. "तुझं ते मले-तुले ऐकून बोलणारी पोरं बी गप्प हुतील बघ. मी सांगतो तुला, इथलं बोलायला शीक." इथल्या बायका 'मी सांगतो, मी जातो' म्हणतात आणि चेष्टा माझी करतात! पण सणाला पुरणपोळीचं ताट पहिलं माझ्याकडे यायचं.

मुलं सात होती. त्यातला एक मुलगा सात वर्षांचा. त्याच्या आईला मिरजेच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला होता. स्वमग्न हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. लोक सरळ येडं म्हणत. तो बोलत नसे, कुणाकडे बघत नसे. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचा आणि मधेच थांबून कपाळ आपटायचा. मनगट चावून चावून तिथं घट्टा पडला होता.

बाई म्हणायच्या, "त्याचं अंग काहीतरी मागतंय. त्याला सांगता येत नाही. आपण शोधायचं." म्हणून आमचं ते सारखं बाजारात जाणं. एका मुलीला परातीतली ज्वारी सापडली, तासभर हात घालून बसायची. एकाला दोरीचा झोका. ह्याला मात्र काही नाही. काथ्याचा दोर, मखमलीचा तुकडा, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, ओली वाळू, पितळी घंटा, सगळं झालं. घंटेला तर त्यानं कान झाकून असा आकांत केला की मी ती पदरात गुंडाळून परसात पळत गेले. बाकीचं तो हातात घ्यायचा आणि टाकायचा.

मग एक दिवस तो ज्वारीवाल्या मुलीला चावला. तिच्या वडलांनी येऊन बाईंना ऐकवलं. बाईंनी संध्याकाळी मुलाच्या आईला बसवून घेतलं आणि सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू. तोवर हा जरा वेळ तरी बसायला लागला नाही, तर मला ठेवता येणार नाही. आई नुसती मान हलवत राहिली. जाताना मला म्हणाली, "ह्यांनी ठरवलंच आहे. गडहिंग्लजला माझ्या भावाच्या मळ्यावर ठेवायचं."

"मळ्यावर कोण बघेल त्याला?"

"गडी आहेत. मोकळं हिंडेल म्हणतात." मग म्हणाली, "विहिरीला कठडा नाही."

त्या दिवसापासून ती विहीर मी न बघताच बघायला लागले. भाकरी थापताना, नळावर, कुठंही.

नवरात्र संपलं आणि तो मामा आला. बहिणीला भेटायचं आणि भाच्याला एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून. अंगापिंडानं दांडगा, आवाज त्याहून दांडगा. अंगणातून येतानाच त्याच्या नव्या चपला कर्र-कर्र वाजत होत्या. मी सोप्यातून म्हटलं, "दादा, चपला पायरीवर काढा बरं."

"काढतो की! अजून पायरीला पाय लागला न्हाई तवर चपला-चपला!"

मी हसले नाही, कारण मी मागे बघत होते. मुलगा पळता पळता मधेच उभा राहिला होता. मान वाकडी करून. मामानं चपला काढल्या, आवाज थांबला, आणि पोरानं कपाळ भिंतीवर आपटलं.

त्याची आईही तिथंच होती. ती हळूच म्हणाली, "दादा, परत घाल त्या. चाल जरा."

"खुळी झालीस काय?"

"चाल म्हणते ना!"

मामा अंगणात चालायला लागला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुलगा सोप्यात आला, पालथा पडला आणि फरशीला कान लावला. शेजारचा एकजण रस्त्यावरून ओरडला, "काय वो पावणं, कवायत लावली काय बायकांनी?" मामा म्हणाला, "तुमी गप जावा हो!" पण थांबला नाही. घाम यायला लागल्यावर मात्र बसला आणि चप्पल काढून पुढे ठेवली. मुलानं ती उचलली. कानाशी नेऊन वाकवली. कर्र. सोडली, परत वाकवली. पायरीवर बसला की हो पोरगा! बाईंनी खुंट्या खोचायची लाकडी फळी हळूच त्याच्यापुढे सरकवली. एका हातानं चप्पल वाकवत त्यानं दुसऱ्या हातानं एक खुंटी खोचली. मग आणखी एक. बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

मामा चपला ठेवून गेला. "एसटीत अनवाणी बसणार का?" बहीण म्हणाली. "न्हाई, चप्पल लाइनीत दुसरी घेतो. पर ऐक, मळ्यावर बी चपला हाईत. दिवाळीला मी न्यायला येणारच हाय." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो खरंच मोकळ्या हवेचाच विचार करत होता.

आता अडचण अशी की चप्पल चामड्याची. अक्का म्हणाल्या, "सोप्यात बसवा, माझी ना न्हाई. उंबऱ्याच्या आत न्हाई म्हंजे न्हाई." त्यांच्याशी हुज्जत घालायची माझी ताकद नव्हती आणि बाईंची इच्छा नव्हती. मग तो सोप्यात माझ्याजवळ आणि बाकीची सहा मुलं आत बाईंजवळ. मी त्याला धरून ठेवू शकत होते, शिकवू शकत नव्हते. खुंट्या खोचून झाल्या की पुढं काय, हे मला येत नव्हतं. बाई दर थोड्या वेळानं बाहेर यायच्या, मग आत काहीतरी पडायचं, मग आत पळायच्या. बाईंनी दुसरंही करून पाहिलं. बांबूच्या कांब्या बांधल्या, सायकलचं रबर आणलं, वेताची परडी आणली. तो एकदा वाकवून कानाला लावायचा आणि फेकायचा.

त्यात त्याच्या आईनं एक केलं. चप्पल तो तोंडातही घालायचा, ते तिला बघवेना. रविवारी घरी नेऊन तिनं ती ओल्या फडक्यानं पुसून काढली आणि एरंडेल तेलात मुरत ठेवली. कोल्हापुरात नवी चप्पल कुणीही तेलातच मुरवतो, चामडं मऊ पडतं, पायाला लागत नाही. पोराच्या ओठाला लागू नये एवढंच तिच्या मनात.

सोमवारी त्यानं चप्पल कानाशी नेली, वाकवली. काही नाही. परत वाकवली. फिरवून दुसऱ्या टोकाकडून वाकवली. मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तो आवाज मीच कुठंतरी लपवून ठेवलाय असं बघणं होतं ते. आणि मग मला त्याचं कपाळ धरता धरता पुरेवाट झाली. मी माझी पालथी मूठ भिंतीला लावली, त्यावर तो आपटत राहिला.

दुपारी मुलं गेल्यावर बाई, त्याची आई, तो आणि मी चप्पल लाइनीत गेलो. त्याला न्यायला माझा विरोध होता. गर्दी, टांगे, सायकली. बाई म्हणाल्या, "पायाचं माप असतं तर आपण तिघीच गेलो असतो. हे कानाचं माप आहे." मी माझ्या पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधलं आणि सबंध रस्ता ती गाठ चाचपत चालले.

पहिल्या दुकानात हाकलल्यासारखंच केलं. दुसऱ्या दुकानातला म्हातारा मात्र बघत बसला. मुलगा एकेक चप्पल कानाशी नेऊन टाकत होता.

"बाई," म्हातारा म्हणाला, "चप्पल पायात घालून बघत्यात. कानाला लावून घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय."

"आवाज हवाय त्याला," आई म्हणाली.

"मग तसं बोला की! आवाजाची येगळी असती." त्यानं आतून तीन-चार जोड काढले. तळाच्या थरांमधे आवाजासाठी काहीतरी घालतात, काय ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मी आपली माझ्या कामाला लागले. गोंडा असलेली बाजूला केली, गोंडा गिळेल. ओल्या फडक्यानं एकेकीचा रंग घासून बघितला. उलटी करून खिळे शोधले.

"खिळा एक बी न्हाई, मावशी. सगळी वादीनं शिवल्याली हाय. रंग कशाला घासताय? खायला घालणार हाय काय ह्येला?"

"होय," मी म्हटलं.

म्हातारा आणि शेजारचा दुकानदार हसून हसून लोळले. पण मग म्हातारा उठला आणि बिनरंगाचा, बिनतेलाचा, सुकाच एक जोड घेऊन आला. मुलानं उजवी टाकली. डावी वाकवली. परत वाकवली. खाली बसला, रस्त्याच्या कडेला, आणि डोळे मिटून वाकवत राहिला. आम्ही तिघी तशाच उभ्या. "ही एकच द्या," आई म्हणाली.

"एकच दिऊ म्हनता? दुसरी काय मी डोक्यात घालू?"

जोड घेतला. परत येताना मी त्याच्या आईला तेल लावू नका म्हणून तीनदा सांगितलं असेल. शेवटी ती चिडली, "कळलं हो मला!"

पण दिवाळी आठवड्यावर आलेली आणि तो अजून सोप्यात, माझ्याजवळ, एकटा. बसतो, पण कुणात बसत नाही. मी फळी पुढं ठेवायची, तो खोचायचा, मी काढायची. ह्याला बाई 'बसायला लागला' म्हणतील का? मी नवऱ्यालाही तेच विचारायची. तो म्हणायचा, झोप आता.

अक्का देवदर्शनाहून येत होत्या. पायरीशी थांबल्या आणि बाईंना हाक मारली. "रोज बघतोय मी. ह्ये लेकरू येकटंच भाईर का ओ? वाळीत टाकलाय व्हय त्येला?"

बाई उंबऱ्यात आल्या. "तुमचाच नियम आहे, अक्का."

अक्कांनी आधी उंबऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. तो चप्पल वाकवत होता.

"नियम मी मोडणार न्हाई," अक्का म्हणाल्या. "पर सतरंजीला पाय न्हाईत व्हय? आणा की ती भाईर. समद्यांनी हितं बसा."

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सोप्यात. ज्वारीची परात, फळ्या, सगळं बाहेर. आणि मला नवी धास्ती. सात मुलं, उघडं अंगण, समोर रस्ता. मी पायरीच्या खाली उभी राहायला लागले, दोन्ही हात पसरून, दिवसभर. पाठीमागे काय चाललंय ते दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. बाईंचा आवाज, परातीतली ज्वारी, आणि त्यात मधेमधे कर्र.

सुट्टीच्या आदल्या दिवशी बहिणीबरोबर मामा आला. भाच्याचे कपडे न्यायला पत्र्याची ट्रंक घेऊन. चपला पायरीवर काढल्या, ह्या वेळी मी सांगायच्या आधी. मग तो सोप्याच्या कडेला टेकला. मी मान वळवून बघितलं. मुलगा सतरंजीवर, ज्वारीवाल्या मुलीच्या पलीकडे दोन हातांवर बसला होता. डाव्या हातात चप्पल. उजव्यानं, बाई दाखवतील त्या रंगाची खुंटी उचलत होता. चुकला. मग बरोबर उचलली.

"ह्यो बसतोय व्हय!" मामा म्हणाला. एवढ्या हळू की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"सुट्टीनंतर पाठवा त्याला," बाईंनी वर न बघताच आईला सांगितलं. "इथंच."

आई रडेल असं मला वाटलं होतं. तिनं नुसती भावाच्या हातातली ट्रंकेची कडी धरली आणि ट्रंक खाली ठेवायला लावली.

"मग मी कशाला आलो एवढ्या लांबनं?" मामा म्हणाला. थोडा वेळ बसला, पाणी प्याला. भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेला, भाच्यानं डोकं काढून घेतलं. मग रिकामी ट्रंक उचलून तो उतरला आणि माझ्यासमोर येऊन थांबला. माझे हात पसरलेलेच होते.

"ओ मावशी, मला तरी सोडा की! गडहिंग्लजची गाडी गाठायची हाय."

मी बाजूला झाले. तो गेला, आणि मी लगेच परत जागेवर येऊन उभी राहिले.