सहादूने पाहिलेले चार उंदीर

नामपूरला माहेरी असताना कांद्याच्या चाळीत उंदीर दिसला, की चतुराबाईचा हात आपोआप काठीकडे जायचा. लग्न होऊन ती नाशकात आली, एका फार्मसी कॉलेजात झाडलोटीला लागली आणि पुढे तिची बदली प्राण्यांच्या खोलीत झाली. तिथले उंदीर पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. त्यांना मारायचं नव्हतं. वेळेवर भिजवलेले हरभरे आणि पाणी द्यायचं होतं, भुसा बदलायचा होता. सुरुवातीला ती त्यांना "मेल्यांनो" म्हणायची. दिवाळी येईपर्यंत "बाळांनो" म्हणू लागली.

त्र्याऐंशी साली तिथे शिकवणाऱ्या देवरे मॅडमनी तरतरी आणणाऱ्या औषधांची तुलना करायला घेतली. कोणतं औषध दिल्यावर उंदीर कसा वागतो, ते तासन्‌तास बघायचं. चतुराबाई उंदीर अलगद धरायची, मॅडम सुई टोचायच्या. घरी आल्यावर ती नवऱ्याला सगळं रंगवून सांगायची.

नवरा सहादू अंबडला एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर होता. त्या महिन्यात त्याची रात्रपाळी होती. पहाटेपहाटे त्याला अशी पेंग यायची, की सुपरवायझरने दोनदा खांदा धरून हलवलं होतं. उंदरांची हकिकत ऐकून त्याचे डोळे चमकले.

"त्यातलं चिमूटभर आण की माझ्यासाठी."

"आणते. आणि शेपटी कुठून आणू?" ती म्हणाली.

सहादू रुसला. त्या दिवशी भाजीला नावं ठेवली, पण दोनदा वाढून घेतली. मग पाळी सुटल्यावर एका सकाळी घरी न जाता सायकल थेट कॉलेजवर नेली आणि मॅडमसमोर हात जोडून उभा राहिला. त्याला बघून चतुराबाईला कुठे तोंड लपवू असं झालं.

देवरे मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला स्टूल दिलं. "औषध मिळणार नाही. पण आलाच आहात तर बसा, बघा."

समोर चार पिंजरे होते. पहिल्या उंदराला नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं. तो थोडा हिंडला आणि कोपऱ्यात मुटकुळं करून झोपला.

"हा मी," सहादू कबुलीच्या सुरात म्हणाला.

दुसरा तरतरीत होता. फिरायचा, मागच्या पायांवर उभा राहायचा, मधेच तोंड पुसायचा. तिसऱ्याला अँफेटॅमिन थोडं दिलं होतं. तो पिंजराभर धावत सुटला होता. चौथ्याला तेच औषध भरपूर दिलं होतं. तो मात्र धावत नव्हता. एका जागी उभा राहून मान वरखाली करत गज हुंगत होता.

"हा लय कामाचा दिसतोय. जागेवरून हलत नाय," सहादू म्हणाला.

"काम कोणतं करतोय पण?" चतुराबाईने विचारलं.

सहादूने नीट पाहिलं. उंदीर हुंगत होता. बऱ्याच वेळाने पाहिलं, तरी तोच गज हुंगत होता. चतुराबाईने नाकासमोर हरभरा धरला, तर त्याला त्याचा पत्ताच नाही. सहादूने पिंजऱ्यावर टिचकी मारली, तरी मान तशीच वरखाली.

"ह्याला झोप कधी येणार?"

"औषध उतरल्यावर," मॅडम म्हणाल्या. "तोवर अंग थकलेलं असेल, पण त्याला ते कळणार नाही."

सहादूने आपले दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बोटं न्याहाळली. प्रेस खाली येते तेव्हा हात बाहेर लागतो, एवढं त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "आणि ह्या दुसऱ्याला काय दिलंय?"

"कॅफीन. चहा-कॉफीत असतं ते."

"म्हंजे मी आधीपासून औषधावरच हाय," तो जरा खुलून म्हणाला.

"दिवसा झोप होते का तुमची?" मॅडमनी विचारलं.

सहादू खिडकीबाहेर बघू लागला. उत्तर चतुराबाईने दिलं. "कुठली होते, मॅडम? लग्नसराई आहे. दिवसा हे बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. हसू दिसू नये म्हणून पुसला, हे चतुराबाईने ओळखलं.

त्या आठवड्यात सहादूने बँडवाल्याला दिवसाच्या लग्नांसाठी नकार कळवला. मग एका सोबत्याची मिनतवारी करून रात्रपाळी बदलून घेतली. दिवसपाळीत पेंग थांबली आणि बँड फक्त संध्याकाळच्या वरातींपुरता उरला. सुपरवायझरला वाटलं, आपण खांदा हलवल्याचा परिणाम झाला. सहादूने त्याचा गैरसमज दूर केला नाही.

एवढं झालं, तरी चहाला आता शास्त्राचा आधार मिळाल्यासारखा तो पेल्यांवर पेले रिचवू लागला. एका रविवारी चतुराबाईने त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

"मॅडम सांगत होत्या, हे जास्त झालं की उंदीर उलट गप्प बसतो."

"बसेन की. तुला तेच तर पाहिजे," सहादू म्हणाला.

चतुराबाईने क्षणभर विचार केला आणि पेला त्याला परत दिला.