पहिला नंबर

आमच्याकडे गॅसची गाडी यायची असली की माणूस सिलिंडर रांगेत ठेवून खुशाल घरी जातो. त्याचा नंबर कुणी घेत नाही, आणि घेतलाच तर सगळी गल्ली त्याच्या अंगावर जाते. या सवयीपायीच आम्ही दोघी बहिणींनी एका साडी कंपनीच्या ऑनलाइन स्पर्धेत आमची नक्षी पहिल्याच दिवशी टाकली. लवकर गेलं म्हणजे नंबर लागला, एवढंच आम्हाला ठाऊक.

स्पर्धा साडीच्या काठाची होती. जिंकणाऱ्याला कंपनी वर्षभर घरबसल्या काम देणार होती. माझ्या धाकट्या बहिणीला ते काम मिळालं असतं, तर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची वेळ तिच्यावर आली नसती. तिनं चारठाण्याच्या देवळातल्या खांबावरची वेल कागदावर उतरवली आणि तिच्यात ज्वारीची कणसं गुंफली. जिंतूरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या संगणकावर मी ती रंगवून दिली.

लगेच कंपनीनं आमच्या नक्षीला पाचच्या पाच तारे दिले. खाली लिहिलं, अगदी असंच हवंय, कणसं फार आवडली. बहिणीनं शेजारीपाजारी पेढे वाटले. पण आमची नक्षी आणि ती शाबासकी स्पर्धेतल्या सगळ्यांना दिसत होती. मुदत संपायला बरेच दिवस होते, आणि जे शहाणे हातावर हात ठेवून बसले होते त्यांना काय काढायचं ते आयतं कळलं.

शेवटच्या दिवशी तिथं कणसंच कणसं झाली. जिंकलेली नक्षी तर मुदत संपता संपता आली होती. वेल तीच, कणसं तीच, वर थोडा सोनेरी रंग. तिची नक्कल करायला कुणाला वेळच उरला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कंपनीला खरमरीत लिहिलं. उत्तर मात्र गोड आलं: इतरांच्या कामातून प्रेरणा घेणं नियमात बसतं, पुढच्या वेळी आपण सहभागाची वेळ विचारपूर्वक निवडावी.

प्रेरणा म्हणे! उघड्यावरची चोरी ती, आणि वर आम्हालाच अक्कल शिकवायची. तो राग अजून उतरलेला नाही, उतरावा असं मला वाटतही नाही.

पुढच्या स्पर्धेची जाहिरात आली तशी मी बहिणीला फोन लावला. तावातावानं सांगितलं, या वेळी आपणही शेवटच्या घटकेपर्यंत दबा धरून बसू, बघू कोण उचलतं ते.

ती म्हणाली, "आक्का, ती दिवाळीनंतर हाय. तवा मी उसाच्या फडात असन. शेवटच्या घटकंची वाट बघायला बी घरी बसावं लागतंय."