माझ्या वजनावर ताणलेली चेन

आमचे हे माझ्याशी पहिल्यांदा हिंदीत बोलले तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतायत. मी चहाचा कप पुढे ठेवला तर म्हणाले, “अरे, आपने क्यों तकलीफ़ की?”

देवासला आमची हिंदी दाराबाहेर असते. भाजीवाला, शेजारी, कारखाना, सगळ्यांशी हिंदी. घरात मराठी. मी लग्न होऊन धारहून आले तेव्हा हा नियम त्यांनीच घातला होता आणि मुलगा शाळेतून हिंदी घेऊन आला की त्याला उंबऱ्यावरच टोकायचे. म्हणून डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगायच्या आधीच मला कळलं होतं. मी त्यांना बाहेरची झाले होते. त्या आजाराचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. म्हणून करायचंय काय?

सुरुवातीला मधूनच मराठी यायची. मग तीही बंद झाली. पण मोटरसायकलची चेन बघायला बसले की ते मान वर न करता “ए, बस” म्हणायचे, मराठीत. त्या एका गोष्टीवर मी दिवस काढत होते. मुलगा म्हणायचा, “आई, बाबा आता कोणालाच ओळखत नाहीत.” मी म्हणायचे, “चेनच्या दिवशी ये आणि बघ.”

हे कारखान्यात फिटर होते. आपल्या गाडीला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. चेन घरीच, अंगणात. त्यात मला बसवायची पद्धत पडली ती बेटम्याजवळ चेन तुटली तेव्हापासून. आम्ही माझ्या माहेरी, धारला चाललो होतो. यांनी आदल्या दिवशी मोकळ्या गाडीवर चेन चांगली घट्ट ताणली होती. आम्ही दोघं आणि सामान बसल्यावर ती आणखी ताणली गेली आणि वाटेत तुटली.

“तू मोटी झालीस म्हणून तुटली,” हे म्हणाले.

“मग आता ढकला. मी बसूनच राहते.”

बसले नाही अर्थात. पिशवी डोक्यावर घेऊन उन्हात गाडीच्या मागून चालले. एका ट्रॅक्टरवाल्याने हसत विचारलं, “क्यों भिया, भाभी को पैदल?” तर हे म्हणाले, “गाड़ी बचा रहा हूँ.” त्यावर मी धार येईपर्यंत बोलले नाही.

त्यानंतर चेन माझ्या वजनावर. आधी गाडी मोठ्या स्टँडवर घ्यायची, मागच्या चाकाचा नट ढिला करायचा, दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवून खुणा जुळवायच्या. मग गाडी स्टँडवरून खाली. सीटवर पुढे मी, मागे गव्हाची अर्धी गोणी. गोणी म्हणजे ते, त्यांच्या वजनाच्या जागी. चेनच्या झाकणाला खाली रबराचं बूच असतं. ते काढून आत बोट घालायचे आणि चेन वरखाली करून बघायचे. “हं. आता बरोबर,” म्हणाले की मी उतरायचं. मग नट कसायचे. दर वेळी वर काहीतरी बोलायचेच. “चेन ढिली झाली नव्हती, तूच वाढलीस.” मी म्हणायचे, “गोणी बघा आधी, तिचं पोट कुठे चाललंय.”

गाडी चालवणं बंद झालं तरी हे चालू राहिलं. मुलाने गाडीची किल्ली लपवली होती, पण नट कसायचे पाने नाही.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलगा घरी होता. गोणी त्यालाच उचलायला सांगितली.

“आई, रहने दे ना. गाडी कुठे न्यायचीय?”

“उद्या पूजा आहे. उचल.”

यांनी नट ढिला केला. खुणा जुळवल्या. हात अजून सगळं करत होते. “ए, बस” मात्र म्हणाले नाहीत. मी आपणच बसले. यांनी बूच काढून बोट घातलं, चेन वरखाली केली. पुन्हा केली. मग वर माझ्याकडे बघितलं.

“नहीं. ये वज़न वो नहीं है.”

“अहो, बारीक झालेय मी,” मी म्हटलं. “जेवण जात नाही हल्ली.”

“बहनजी, बुरा मत मानिए. बोरी ठीक है. आप हल्की हैं. ये मेरी मिसेज़ के वज़न पे सेट होती है.”

मुलगा उठून घरात गेला. मी बसून राहिले. मी मराठीतच विचारलं, “कुठे गेली ती?”

“धार. मायके.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “मैंने मोटी बोल दिया था.”

मला रडू आलं नाही. मी रडणारी नाही. सीट धरून खाली उतरले. त्यांनी मला बहनजी म्हटलं, उलट त्यांना भाईसाहब काही मला म्हणवेना. नुसतं म्हटलं, “आ जाएगी.” इतक्या वर्षांत नवऱ्याशी हिंदीत बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

“आपको पता है?”

“हाँ. आ जाएगी.”

त्यांना बरं वाटलं. फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, “तो तब तक ऐसे ही रहने देते हैं.”

दुसऱ्या दिवशी मुलाने गाडीला झेंडूची माळ घातली आणि नट कसायला पाना उचलला. मी म्हटलं, राहू दे, त्यांचं काम व्हायचंय अजून.

माळ सुकली, ती मी काढली. पाना चाकाजवळ तसाच आहे. हे रोज अंगणात जातात, चाकाकडे बघतात आणि मला विचारतात, “आ गई क्या?”

मी रात्री आता एक पोळी जास्त घेते, वर तूप. घशाखाली उतरत नाही. पाण्याच्या घोटाबरोबर ढकलते.